आजींचा फोटो घरीच काढायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: साताऱ्याजवळच्या गावी राहणाऱ्या आजींचे सहस्रचंद्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे आणि त्या निमित्ताने त्यांचा एक चांगला फोटो बारा बाय पंधरा इंचांचा करून भिंतीवर लावायचा आहे. आजी स्टुडिओत यायला तयार नाहीत. ओसरीवर मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेला एक फोटो तुम्ही पाठवला आहे. त्यात चेहरा हिरवट पिवळा दिसतो, चष्म्यावर चमक आली आहे, कातडी मेणासारखी गुळगुळीत झाली आहे, आणि घरातल्या सगळ्यांचे म्हणणे ‘ही आपली आजी वाटतच नाही’ असे आहे. भावाचा डीएसएलआर आणि ५० मिमीची एफ १.८ लेन्स हाताशी आहे. फोटो कसा काढावा, नंतर सुरकुत्या किती काढाव्यात आणि काकूंच्या सूचनेप्रमाणे कपाळावर ठसठशीत कुंकू संगणकावर लावून घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे.

सुरकुत्यांचे उत्तर आधी देतो, कारण फोटो कसा काढायचा हे त्यावरच ठरते. सुरकुत्या काढू नयेत. त्या किती खोल दिसाव्यात हे फोटो काढताना उजेडाने ठरवावे. संगणकावर बसल्यावर चेहऱ्यावरचे फक्त तेच काढावे जे त्या दिवसापुरते होते. डास चावल्याची गाठ, ओठाला लागलेला पावडरीचा कण, चष्म्याच्या दांडीने कानाजवळ उमटलेला लाल वळ हे त्या दिवसापुरते असते. कपाळावरच्या आठ्या, गालावरचा तीळ, हनुवटीवरचे गोंदण, हातांवरचे काळपट डाग आणि फुगलेल्या शिरा हे आजींचे आहे. व्यक्तिचित्राचे काम करताना मी हाच एक निकष लावतो आणि वृद्ध माणसांच्या बाबतीत तो विशेष काटेकोरपणे लावतो, कारण ऐंशी वर्षांच्या चेहऱ्यावर ओळख पटवणाऱ्या जवळजवळ सगळ्या खुणा वयाने घडवलेल्या असतात. त्या पुसल्या की मागे उरतो तो कोणाचाही चेहरा असू शकतो. घरातल्यांना आजी परकी वाटली ती याच कारणाने.

तुमच्या फोटोत नेमके काय बिघडले ते पाहू. ओसरीवर एका बाजूने दिवसाचा उजेड येत होता आणि वर ट्यूबलाइट चालू होती. दोन्हींचा रंग वेगळा असल्यामुळे चेहऱ्याचा एक भाग एका रंगाचा आणि दुसरा भाग दुसऱ्या रंगाचा झाला, आणि असा मिश्र उजेड नंतर संगणकावरच्या कोणत्याही एका पट्टीने (स्लायडरने) सुधारत नाही. त्यात मागची आणि बाजूची भिंत कमरेपर्यंत हिरव्या ऑइल पेंटची आहे. असा चकचकीत रंग आपल्यावर पडलेला उजेड आपल्या रंगासह परत टाकतो. आजींच्या सावलीतल्या गालावर आणि हनुवटीखाली जी हिरवट झाक आहे, ती त्या भिंतीची आहे. कातडीचे मेण मोबाइलच्या ब्यूटी प्रक्रियेने केले. आणखी एक गोष्ट बारकाईने पाहा. तुम्ही सोबत पाठवलेल्या, लग्नातल्या जुन्या फोटोत आजींच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण स्पष्ट दिसते. मोबाइलवरच्या फोटोत हनुवटीवरचे तीन ठिपके नाहीसेच झाले आहेत. चेहरा उजळवणाऱ्या यंत्रणेच्या लेखी फिकट झालेले निळसर हिरवे गोंदण म्हणजे कातडीवरचा डागच असतो, आणि ती तो न विचारता पुसते.

आता उजेड. गावाकडच्या घरांच्या खिडक्या बहुधा लहान असतात, त्यांना गज असतात आणि त्या उंचावर असतात. त्यामुळे खिडकी शोधत बसण्यापेक्षा दार वापरावे. उघडे दार ही घरातली सर्वांत मोठी खिडकी असते आणि त्यातून येणारा उजेड जमिनीपासून चौकटीच्या माथ्यापर्यंत सलग असतो. उजेडाचा स्रोत चेहऱ्याच्या मानाने जितका मोठा आणि जवळ, तितक्या सावल्यांच्या कडा मऊ. वृद्ध चेहऱ्याला मऊ सावलीसारखे दुसरे काही मानवत नाही. मात्र त्या वेळी दारातून थेट ऊन आत येत नसावे. दार पूर्वेला असेल तर दुपारनंतर आणि पश्चिमेला असेल तर सकाळी बसावे. मला स्वतःला सकाळची नऊ ते अकरा ही वेळ पसंत आहे, कारण आंघोळ, पूजा आणि चहा झालेला असतो, आजी ताज्या असतात आणि पापण्या दुपारइतक्या जड झालेल्या नसतात. सकाळी दारातून ऊनच येत असेल, तर दारावर पांढरे पातळ सुती कापड, एखादे धुतलेले धोतरसुद्धा, ताणून बांधावे. ऊन त्या कापडावर पडले की ते कापड स्वतःच उजेडाचा स्रोत होते.

खुर्ची उंबऱ्यापासून तीन-चार फूट आत ठेवा. घरातला प्रत्येक दिवा आणि ट्यूब बंद करा. आजींची पाठ आतल्या अंधाराकडे, म्हणजे माजघराकडे येऊ द्या. दाराचा उजेड आत जाताना झपाट्याने कमी होत असल्यामुळे चेहरा नीट उजळलेला असताना मागचे माजघर आपोआप गडद होते आणि पांढरे केस त्या गडद पार्श्वभूमीवर कडेकडेने उठून दिसतात. पांढऱ्या भिंतीसमोर बसवलेल्या वृद्धांच्या फोटोत केस भिंतीत विरून जातात आणि डोक्याचा आकारच हरवतो. ही चूक घराघरांतल्या फोटोंत दिसते.

या संदर्भात एका फार जुन्या व्यक्तिचित्राचा उल्लेख करतो. कलकत्त्यात १८१५ साली जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या छायाचित्रकार बाईंनी १८६७ साली खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांचे फोटो इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या त्यांच्या घरी जाऊन काढले. हर्शेल तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे होते. कॅमेरॉन बाईंनी त्यांना केस धुऊन मोकळे सोडायला लावले, जेणेकरून त्या पांढऱ्या केसांवर उजेड खेळेल. पार्श्वभूमी काळी ठेवली. चेहऱ्यावरची एकही सुरकुती लपवली नाही. दीडशे वर्षांनंतरही ते चित्र वृद्ध माणसाच्या उत्तम व्यक्तिचित्रांत गणले जाते आणि त्यातले साहित्य काय, तर एका बाजूचा उजेड, गडद पार्श्वभूमी आणि धुतलेले केस. तुमच्या माजघरात यातले सगळे आहे.

खुर्ची दाराकडे सरळ तोंड करून ठेवू नका आणि पूर्ण आडवीही ठेवू नका. साधारण पंचेचाळीस अंशांचा तिरकेपणा द्या. सुरकुत्यांचे नियंत्रण येथे होते, म्हणून हा भाग घाई न करता करा. चेहरा उजेडाकडे जितका वळलेला, तितक्या सुरकुत्या उथळ दिसतात. चेहरा उजेडाला काटकोनात आला की प्रत्येक सुरकुतीला तिची स्वतःची सावली मिळते आणि चेहरा चरे पडल्यासारखा दिसतो. नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी बघत खुर्ची थोडी थोडी फिरवा. त्या घडीची सावली दिसावी पण काळी पडू नये, अशी एक जागा सापडते. हा प्रयोग आजींना बसवून करू नका. त्यांच्या उंचीच्या दुसऱ्या कोणाला तरी बसवून जागा, खुर्ची, कॅमेरा सगळे ठरवून घ्या आणि मग आजींना बोलवा.

सावलीच्या बाजूला दोन-तीन फुटांवर पांढरी चादर दोरीवर टांगा किंवा थर्माकोलचा मोठा पत्रा उभा करा. यामुळे सावलीतला गाल उजळतो आणि हिरव्या भिंतीचा रंगही अडतो, म्हणून तुमच्या घरात हे केलेच पाहिजे. दात नसल्यामुळे ओठ आत गेले असतील किंवा डोळे खोल गेले असतील, तर मांडीवर पांढरा टॉवेल पसरा. खालून येणारा हलका उजेड डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखालच्या सैल कातडीत शिरतो. हा उजेड वरच्या उजेडापेक्षा नेहमी कमी असला पाहिजे. अॅल्युमिनियमचा चकचकीत कागद यासाठी वापरू नये, त्याने चेहरा खालून पेटल्यासारखा दिसतो. अंगणात ऊन असेल आणि शहाबादी फरशी असेल, तर खालून येणारा हा उजेड तुम्हाला आयताच मिळेल.

चष्म्याबद्दल. आजी दिवसभर चष्मा लावत असतील तर फोटोतही तो हवा, नाहीतर नाकावरचे दोन खळगे आणि ओळख नसलेले डोळे तेवढे राहतात. काचेवर चमक येते ती दाराचे प्रतिबिंब कॅमेऱ्याच्या दिशेने परतल्यामुळे. हनुवटी अगदी थोडी खाली घ्या, किंवा चष्म्याच्या दांड्या कानांवर अर्धा सेंटीमीटर वर उचलून काचा किंचित खाली झुकवा. बहुतेक वेळा तेवढ्याने चमक निघून जाते. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर त्या उघड्या दारापाशीही गडद होतात. असा चष्मा आधी काही वेळ घरात झाकून ठेवावा आणि शेवटच्या क्षणी लावायला द्यावा. चष्म्याशिवाय एक फोटो काढून त्यातले डोळे नंतर चष्म्याच्या फोटोत बसवण्याचा मार्ग पुष्कळ लोक सुचवतात. मला तो पटत नाही, कारण चष्म्याची काच डोळा मोठा किंवा लहान करून दाखवते आणि बसवलेला डोळा त्या काचेत कधीच बरोबर बसत नाही.

कॅमेऱ्याच्या आकड्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. भावाच्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान आकाराचा असेल, तर ५० मिमीची लेन्स फुल-फ्रेम कॅमेऱ्यावरच्या सुमारे ७५ मिमीच्या लेन्सइतके दृश्य दाखवते आणि व्यक्तिचित्राला ते योग्य आहे. दोन मीटर अंतरावर उभी चौकट धरली की डोक्यापासून मांडीवरच्या हातांपर्यंत सगळे मावते. लेन्सचे छिद्र एफ १.८ वर पूर्ण उघडू नका (एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे). त्या अंतरावर जेमतेम दहा-अकरा सेंटीमीटरची जाडी स्पष्ट येते, आणि आजी बोलता बोलता थोड्या जरी पुढे झुकल्या तरी डोळे अस्पष्ट होतात. एफ ४ वर ती जाडी दुपटीहून जास्त होते. हात मांडीवर पुढे असतील तर एफ ५.६ घ्या. शटर १/१६० किंवा त्याहून वेगवान ठेवा, कारण या वयात मान आणि हात किंचित हलत असतात. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ८०० किंवा १६०० झाला तरी चालेल. फोटोतले थोडे रवाळपण छपाईत जाणवत नाही, हललेला डोळा मात्र जाणवतो. फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर, आणि फाइल रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. मोबाइलनेच काढावे लागले तर ब्यूटी आणि पोर्ट्रेट दोन्ही बंद करा, दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स वापरा आणि दोन मीटर मागे उभे राहा. मोबाइलची नेहमीची लेन्स फार रुंद असते, तीच चौकट भरण्यासाठी आपण जवळ जातो आणि जवळून नाक मोठे व कान लहान दिसतात. पोर्ट्रेट मोड पातळ पांढऱ्या केसांच्या आणि चष्म्याच्या कडा चुकीच्या कापतो, म्हणून तोही नको.

कॅमेऱ्याची उंची आजींच्या डोळ्यांइतकी ठेवा. त्या पाटावर बसणार असतील तर तुम्हीही जमिनीवर बसा. पाठीला बाक आलेल्या माणसाचा फोटो उभे राहून वरून काढला की मान नाहीशी होते आणि नजर कपाळाआडून आल्यासारखी दिसते. बाक असेल तर कमरेमागे लहान लोड द्या आणि पाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले आहेत ना ते बघा. अधांतरी पायांनी बसलेल्या माणसाचे खांदे सैल होत नाहीत. एका डोळ्याची पापणी जास्त ओघळलेली असेल, तर तो डोळा कॅमेऱ्यापासून दूरच्या बाजूला येईल असे बसवा.

यापुढचा भाग तंत्राहून अवघड आहे. या वयाच्या बायका ‘आता कशाला म्हातारीचा फोटो’ असे म्हणतात आणि त्यामागे पुष्कळदा एक न बोललेली शंका असते की हा फोटो उद्या हार घालण्यासाठी काढत आहेत. ती शंका वाद घालून जात नाही. सहस्रचंद्रदर्शनाचे निमित्त तुमच्याकडे आहे, ते स्पष्ट सांगा: आलेल्यांना दाखवायचा आहे, प्रत्येक मुलाच्या आणि मुलीच्या घरी एक प्रत द्यायची आहे. सुरुवातीचे फोटो पतवंडाला मांडीवर घेऊन काढा. तेही सुंदर होतात आणि आजींना कॅमेऱ्याची सवय होते. मग मूल उचलून न्या आणि त्यांना तिथेच बसू द्या.

लुगडे कोणते, पदर डोक्यावर की खांद्यावर, अंगावर दागिना कोणता, हे सगळे आजींनी ठरवावे. रोजचे इरकल त्यांना आवडत असेल तर सुनांनी पैठणीचा आग्रह धरू नये. ज्या लुगड्यात माणूस वावरतो त्यात त्याचे हात सहज पडतात, आणि गडद सुती इरकल उजेडही शांतपणे घेते; चमकदार रेशीम हनुवटीखाली आपला रंग टाकते. कुंकवाबद्दल माझे मत ठाम आहे. कुंकू लावायचे की नाही हा आजींचा प्रश्न आहे आणि तो त्यांनाच, शक्यतो एकांतात, विचारावा. त्यांना हवे असेल तर खरे कुंकू लावून फोटो काढावा. त्यांना नको असेल तर ते संगणकावर लावण्याचा अधिकार काकूंना नाही आणि फोटो काढणाऱ्यालाही नाही. आजोबा गेल्यानंतरची कितीतरी वर्षे त्या जशा राहिल्या, तसेच त्यांनी या फोटोत असावे.

‘हसा’ असे म्हणू नका आणि ‘इकडे बघा’ असेही सारखे म्हणू नका. हातांना काम द्या. वाती वळणे हे माझे सर्वांत आवडते काम आहे. कापसाचा पेळू मांडीवर येतो, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरू लागतात, मध्येच बोट दुधाच्या थेंबात किंवा राखेत बुडते, ओठ आपोआप थोडे हलतात आणि कपाळावरची आठी सुटते. तेव्हा खाली पाहणाऱ्या चेहऱ्याचे फोटो काढा, हातांचे काढा. मग आजींची ज्याच्याशी गट्टी आहे अशा एखाद्या माणसाने लेन्सच्या अगदी शेजारी उभे राहून त्यांना काहीतरी विचारावे, ज्याचे उत्तर त्यांना सांगावेसे वाटेल. माहेरच्या विहिरीवर मोट कोण चालवायचे, धाकट्याच्या बारशाला किती पंगती उठल्या, असे काही. वाती थांबतात, मान वर येते, आणि उत्तर सुरू होण्याआधी आठवण गोळा करणारी एक नजर असते. फोटो त्या नजरेचा काढायचा. बोलायला सुरुवात झाली की ओठांचे आकार बिघडतात, म्हणून बोटाला त्या आधीच्या क्षणाची सवय लावावी. आजींना एका कानाने कमी ऐकू येत असेल तर विचारणाऱ्याने चांगल्या कानाच्या बाजूला उभे राहावे, नाहीतर त्या ऐकण्यासाठी मान वाकडी करतात. अर्धा तास झाला की थांबा. मध्ये एकदा पडद्यावर फोटो आजींना दाखवा. न आवडलेला कोणता ते त्या सांगतील आणि तो त्यांच्यासमोरच काढून टाका.

जागा सोडण्यापूर्वी, नंतर रंग जुळवता यावेत म्हणून, एक फोटो आजींच्या चेहऱ्याशेजारी राखाडी कार्ड धरून काढा. छायाचित्रणाच्या साहित्याच्या दुकानात ते मिळते. छपाईचा पांढरा कागद यासाठी वापरू नये, त्यात घातलेल्या उजळकांमुळे तो निळसर असतो आणि त्यावरून रंग जुळवला की कातडी नको तितकी पिवळी होते.

आता संगणकावरचे काम. फोटो सुधारण्यासाठी लाइटरूम हे सॉफ्टवेअर असेल तर उत्तम, नसेल तर डार्कटेबल विनामूल्य आहे. मोबाइलवर स्नॅपसीडनेही बरेच होते. सर्वप्रथम राखाडी कार्डावरून रंगाचा तोल साधून घ्या आणि तो बाकीच्या फोटोंना लावा. मग एकूण उजेड बघा. येथे एक आग्रहाची विनंती आहे: आजींना गोरे करू नका. चेहरा उजळवत नेण्याची सवय आपल्याकडे इतकी रुजली आहे की ती दुरुस्ती वाटू लागते. उन्हातान्हात शेतात राबलेल्या बाईचा गहू-तांबूस किंवा सावळा रंग दोन पायऱ्या वर ओढला की कातडीतली ऊब जाते आणि चेहरा राखेसारखा होतो. कपाळावर आणि गालाच्या हाडावर उजेडाची चमक जास्त असेल तर ती थोडी खाली आणा, डोळ्यांच्या खोबणीतली सावली थोडी वर आणा, आणि थांबा.

त्यानंतर टचिंग. फिल्मच्या काळात चांगले टचिंग करणारे कारागीर नेगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने काम करीत. सुरकुतीची सावली नेगेटिव्हवर पारदर्शक रेघेसारखी दिसते; त्या रेघेत पेन्सिलीचा हलका थर भरला की छपाईत ती सुरकुती फिकी होते. उत्तम कारागीर रेघ पूर्ण भरत नसे, तिची तीव्रता कमी करून सोडून देत असे, आणि त्याचा हात कुठे फिरला ते घरच्यांनाही कळत नसे. आजही पद्धत तीच ठेवा. खुणा भरून काढण्याचे साधन वेगळ्या थरावर वापरा, आणि डोळ्यांखालच्या पिशव्यांसारख्या जागी त्या थराची तीव्रता तीस-चाळीस टक्क्यांवर आणा. पिशवी राहिली पाहिजे. त्या दिवशीच्या अपुऱ्या झोपेने तिच्यात जी काळिमा आली तेवढी कमी व्हावी. तात्पुरत्या गोष्टी, म्हणजे चावा, कण, वळ, लुगड्यावर पडलेला कापसाचा तंतू, पूर्ण काढा. कपाळावर आडवा आलेला एखादा केस काढायला हरकत नाही. सगळ्या चेहऱ्यावर गुळगुळीतपणा फासणारी पट्टी मात्र शून्यावर ठेवा. तिची विरुद्ध बाजूही तितकीच वाईट आहे. वृद्ध चेहऱ्याला ‘कॅरेक्टर’ आणण्याच्या हौसेने क्लॅरिटी आणि धारदारपणा वाढवतात, कृष्णधवल करतात, आणि मग आजी दगडात कोरल्यासारख्या दिसतात. असा फोटो स्पर्धेत कौतुकास पात्र ठरेल, पण नातवंडांना त्यात त्यांची आजी सापडत नाही.

डोळ्यांवर सर्वांत कमी काम करा. या वयात बुबुळाभोवती बहुधा पांढुरकी कडा दिसते, डोळ्यांचा पांढरा भाग किंचित पिवळसर आणि त्यात बारीक लाल रेषा असतात. तो भाग पांढराशुभ्र केला की डोळे बाहुलीचे होतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल तर आत बसवलेल्या भिंगावरून कधी बुबुळाच्या मधल्या काळ्या भागात एक अनपेक्षित तिरीप चमकते. ती विचित्र दिसत असेल तर तेवढी काढावी, पण दाराचे जे छोटे उभे प्रतिबिंब डोळ्यात पडले आहे ते अजिबात काढू नये. डोळ्यात जीव दिसतो तो त्याच्यामुळे. बुबुळाचा खालचा भाग अगदी थोडा उजळवावा, एवढेच.

एआय वापरून चेहरा सुधारणारी जी साधने आता फोनवरही आली आहेत, ती या कामात टाळा. ती तुमच्या फोटोतली अस्पष्ट जागा अगणित इतर चेहऱ्यांवरून शिकलेल्या तपशिलाने भरतात. पापणीची वळी, दातांची ठेवण, ओठांची कड थोडी थोडी बदलते. प्रत्येक बदल लहान असतो आणि सगळे मिळून माणूस दुसराच होतो. शंका असेल तर मूळ फोटो आणि सुधारलेला फोटो शेजारी ठेवून गोंदणाचे ठिपके आणि तीळ मोजा.

काम झाल्यावर फाइल एक रात्र तशीच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मूळ फोटोशी ताडून पाहा. बहुतेक वेळा हात जास्त चाललेला असतो आणि सगळ्या टचिंगची तीव्रता आणखी थोडी कमी करावीशी वाटते. मग आजींबरोबर रोज राहणाऱ्या माणसाला, तुमच्या काकूंनाच, फोटो दाखवा आणि काय केले ते न सांगता विचारा. त्यांनी ‘चांगला आलाय’ म्हटले तर काम जमले. ‘काय काय केलंस यात’ असे विचारले तर परत बसावे लागेल.

छपाईसाठी चौकट चारास पाच या प्रमाणात कापा, कारण बारा बाय पंधराचे प्रमाण तेच आहे. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या उभ्या फोटोतून ४००० बाय ५००० पिक्सेल मिळतात, म्हणजे इंचाला ३३० पिक्सेलच्या वर, आणि एवढ्या आकाराला ते भरपूर आहेत. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत ठेवा. लॅबला व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती आक्रसून जाते. पडदा फार उजळ ठेवून काम केले तर छपाई काळपट येते, म्हणून आधी चार बाय सहाची एक प्रत मागवा, ती दाराच्या उजेडात धरून पाहा आणि मगच मोठी प्रत सांगा. लॅबमध्ये काउंटरवर बसलेले लोक सवयीने रंग आणि उजेड वाढवतात. ‘कलर करेक्शन करू नका’ असे स्पष्ट सांगावे लागते. कागद मॅट घ्या. ग्लॉसी कागदावर समोरच्या दाराचे प्रतिबिंब पडून चेहरा दिसत नाही.

फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, कड ठेवायला सांगा. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेला थेट टेकलेला फोटो काचेला चिकटतो आणि नंतर सोडवताना त्याचा वरचा थर निघून येतो. ओल येणाऱ्या भिंतीवर आणि दुपारचे ऊन पडणाऱ्या भिंतीवर फ्रेम लावू नका. माउंटच्या मागच्या बाजूला आजींचे पूर्ण नाव, माहेरचे नाव, गाव आणि तारीख पेन्सिलीने लिहा. रॉ फाइल आणि अंतिम फाइल दोन वेगवेगळ्या घरांत, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. हातांचे जे फोटो निघाले असतील, त्यांतला एक लहान आकारात छापून आजींनाच द्या. वाती वळणाऱ्या हातांचा फोटो कोणी काढेल असे त्यांना बहुधा वाटलेले नसते, आणि माझ्या अनुभवात मोठ्या फोटोपेक्षा त्याच फोटोकडे त्या जास्त वेळ बघतात.